हळदीचं बोट

नाशिक, ८ फेब्रुवारी २०२६

तेजस्विनी,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतं नाव.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे रजिस्टर पत्र. ईमेल दिसलाच नाही असं म्हणता येतं. पोस्टमनपुढे मात्र सही करावी लागते, ऑस्ट्रियातसुद्धा लागत असेल. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. सटाण्याला फोन लावला तर यशोदामावशींनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग विचारलं, "तुले तरी फोन करस का ती?" मी म्हटलं, करते ना मावशी. काय सांगणार होते?

तू देश सोडून गेलीस हे मला तुझ्या विमानतळावरच्या फोटोवरून कळलं. इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये भात लावला, आणि निरोप हा असा. असो. तो राग मी वेगळा काढून ठेवला आहे. आजचा राग दुसरा आहे.

परवा आपल्या विज्ञान केंद्राचं पत्र आलं. माझ्यावर 'मोजमापांची बनावट' असा ठपका आहे आणि मार्चमध्ये समितीपुढे हजर व्हायचं आहे. ठपका कायम झाला तर पीएचडीची नोंदणी रद्द, आणि पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत माझं नाव निघालं की हाच शेरा निघणार. त्यांनी मोठ्या मनाने दुसरी वाटही ठेवली आहे. 'माझ्याकडून हलगर्जीपणा झाला, माझे आकडे विश्वासार्ह नव्हते' असं लिहून सही केली तर प्रकरण मिटवतील आणि नव्याने नोंदणी करू देतील. म्हणजे चोरी केली नाही तरी चोर असल्याचं लिहून द्यायचं, मग ते उदारपणे सोडून देणार.

बाबा म्हणतात, सही कर. ओझरच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं, साहेबाच्या कागदावर अजून विश्वास आहे. "एवढी शिकलेली मान्सं उगंच कशाला लिहितील? सही करून टाक अन् मोकळी हो." आणि मग खाली बघत म्हणाले, "नक्की काय झालं व्हतं गं तुझ्या हातून?" माझ्या बापाने मला हा प्रश्न विचारावा, ही वेळ तुम्ही लोकांनी आणली.

मी त्यांना समजावलं ते असं. एक जांभळा लेसर असतो. तो एका लहानशा क्रिस्टलवर सोडतात. त्यातून अधूनमधून प्रकाशकणांची जुळी जोडी बाहेर पडते, एक कण डावीकडे जातो, एक उजवीकडे. दोन्हीकडे डिटेक्टर ठेवायचे आणि दोघांची उत्तरं ताडून पाहायची. त्यातून एक आकडा निघतो. आकडा दोनच्या आत राहिला तर त्यात नवल नाही, आधी ठरवून आलेले दोन साक्षीदारसुद्धा तेवढं जुळवून सांगतात. दोनच्या वर गेला तर मात्र ते नातं ठरवून आणलेलं असू शकत नाही. ते क्वांटम. उद्या कुणाला चोरून वाचता येणार नाहीत असे संदेश याच जोड्यांच्या जिवावर पाठवायचे आहेत. सप्टेंबरमध्ये माझा आकडा आला होता दोन पूर्णांक सहा. बाबा म्हणाले, "मंग चांगलंच की." चांगलंच होतं.

पेपर पाठवला, परीक्षकांनी मोजमाप पुन्हा करून मागितलं, दसऱ्यानंतर ते केलं, आणि आकडा घसरून दोनच्या खाली आला. माझ्या हाताने खाली, तुझ्या हातानेही खाली. देवरे सर आधी म्हणाले आरसे पुन्हा जुळवा. मग म्हणायला लागले, "पण अंजली, तुझा आधी कसा आला होता गं?" तो 'गं' मला अजून ऐकू येतो. आपले गाईड, मला मुलीसारखी मानायचे म्हणे. नोव्हेंबरात माझं प्रवेशकार्ड काढून घेतलं. तू प्रयोगाचं टेबल ताब्यात घेतलंस, डिसेंबरात आकडा परत दोन पूर्णांक सहावर गेला, आणि पेपर तुझ्या नावावर छापून आला. माझं नाव आभारातसुद्धा नाही.

आता माझाच आकडा परत आला म्हटल्यावर मी खरी ठरायला हवी की नको? तर नाही! म्हणे उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात छापलेलंच असतं, अंजलीने ते आधीच लिहून टाकलं, मोजलं ते तेजस्विनीने. हे वाचून माझं डोकं फिरलं. भिंतीवर आपटावं असं वाटलं, माझं नव्हे, त्यांचं.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. दसऱ्याला मी आईबाबांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. जाताना टेबल चालतं, आकडा नीट, असं तुझ्या ताब्यात दिलं होतं. परत आले तेव्हा दोन्ही डिटेक्टरांत नको तो उजेड भरलेला, नुसता नॉइज. मधल्या काळात तिथे काय झालं? कुणी आरसा हलवला, एसी बंद ठेवला, झाडलोट केली? जे असेल ते लिही. मला तुला दोष द्यायचा नाही. मला कारण हवं आहे.

अंजली


नाशिक, २२ फेब्रुवारी

तेजू,

सापडलं!

तुझं उत्तर आलेलं नाही, पण आज मी रागात नाही, म्हणून 'तेजू'. ऐक.

सध्या मी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. काल प्रकाश शिकवताना मुलं जांभया द्यायला लागली, म्हणून जांभळा लेसर पॉइंटर काढला आणि कशाकशावर टाकून दाखवत होते. वळताना माझा हात जरा हलला आणि उजेड पडला माझ्या डब्याच्या रुमालावर. त्यावर बटाट्याच्या भाजीचा डाग होता. तो डाग हिरवट पिवळा असा काही चमकला की शेवटच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडमची भाजी पेटली!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता खाली बसले.

हळद, तेजू. जांभळ्या उजेडात हळद चमकते. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, सरांना तर माहीत असायलाच हवं होतं.

खंडेनवमीला तुम्ही प्रयोगशाळेत पूजा केलीत. मी नागपूरच्या गाडीत होते, तेव्हा आपल्या ग्रुपवर फोटो आला होता. लेसरला झेंडूची माळ, संगणकावर आपट्याची पानं, मागे सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे, आणि पुढे तू वाकून क्रिस्टलच्या होल्डरला अनामिकेने हळदीचं बोट लावते आहेस. खाली सरांनी लिहिलं होतं, 'मुख्य देवाला विसरायचं नाही'. मी त्याला हात जोडल्याची खूण पाठवली होती. पेढा ठेवा म्हणूनही लिहिलं होतं.

क्रिस्टल झाकणारा काळा खोका उघडून, ऐन लेसरच्या वाटेवर हळद! दरवर्षी ती टेबलाच्या पायाला लागायची, कुणाचं काही बिघडत नव्हतं. या वर्षी नवा होल्डर आला होता, सगळ्यांना त्याचं कौतुक, म्हणून मान त्याला. होल्डर पितळी. पितळेवर हळद दिसते कुणाला? त्यात आपण लेसरपासून डोळे वाचवायला केशरी चष्मे घालून काम करणार. कोरडी हळद झडून खाचेत बसली असणार, क्रिस्टलच्या तोंडाशी. तिची चमक हिरवी-पिवळी, ती आपले फिल्टर अडवतात. पण त्या चमकेची शेपटी लांब तांबड्यापलीकडे जाते आणि आपण तर तिथे एकेक कण मोजत बसलेलो. शेपटीतला चिमूटभर उजेडसुद्धा आपल्या जोड्या बुडवायला पुरे.

आणि पुढचं ऐक. आईला विचारलं, हळदीचा डाग कसा घालवतेस? ती म्हणाली, "उन्हात टाकायचं कापड, आपोआप उडतो." उजेडात हळद उडते! म्हणजे लेसरखाली ती नोव्हेंबरभर उडत राहिली, नॉइज कमी होत गेला, आणि डिसेंबरात आकडा परत आला. समितीच्या पत्रात लिहिलंय की अंजली गेल्यानंतर नॉइज कमी झाला ही बाब सूचक आहे. सूचक कसली डोंबलाची!

माझी पूजेबद्दल काही तक्रार नाही, तू ओळखतेस मला. ओझरच्या कारखान्यात बाबांच्या मशीनलाही हार पडायचा, ते स्वतः घालायचे. चूक कुणीही केली असती. तू फक्त समितीला दोन ओळी लिही, की खंडेनवमीला होल्डरला हळद लावली होती. बस. दोन ओळींत माझं नाव धुऊन निघतं.

आज खूप दिवसांनी जेवले नीट.

तुझी,
अंजू


नाशिक, १५ मार्च

तेजस्विनी,

परवा सुनावणी झाली. तुझ्या दोन ओळी आल्या नव्हत्या. मी पत्र पोचल्याची पावती बघितली आहे, सही तुझीच आहे, तो ओढलेला 'त' मी कुठेही ओळखीन.

बाबा केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला आले. कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट. "शांतपणे बोल, साहेबलोकांशी वाद नको," असं बजावून सुरक्षारक्षकाजवळच्या बाकावर बसले.

अध्यक्षांनी विचारलं, काही म्हणायचंय? मी म्हटलं, हळद. सगळं सांगितलं, लेसर पॉइंटर काढून रुमालावर टाकून दाखवलं. एक सदस्य हसले. कौतुकाने हसले की कशाने, कळलं नाही. मग देवरे सर बोलले.

"म्हणजे आता आमची पूजा दोषी? वर्षानुवर्षं करतोय आम्ही."

"सर, आधी हळद टेबलाच्या पायाला लागायची. या वेळी होल्डरला लागली."

"तू तिथे नव्हतीस. ऐन कामाच्या वेळी रजेवर होतीस."

"रजा तुम्हीच मंजूर केली होती, सर."

तेवढ्यात प्रशासनाच्या त्या बाई, लोकरीची शाल घेऊन मार्चमध्ये बसतात त्या, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघा मॅडम, तुमची पार्श्वभूमी आम्ही समजू शकतो. तुमच्यात पूजाअर्चा मानत नाहीत. पण म्हणून इथे कुणाच्या श्रद्धेचा विषय काढू नका."

तेजू, इतकी वर्षं केंद्रात कुणी मला उघड काही म्हटलं नव्हतं. डब्यात काय आणलंयस हे जरा वाकून बघायचे, एवढंच. मी उभी राहिले. बाबांनी बजावलेलं शांतपणे बोलणं तिथेच संपलं.

"मॅडम, हळदीला जात नसते. तिच्यावर जांभळा उजेड पडला की ती चमकते, कुणीही लावलेली असो. मी श्रद्धेबद्दल एक अक्षर बोललेले नाही. तुमच्या कॅन्टीनमधून चिमूटभर हळद मागवा, प्रयोगशाळा दोन दारं सोडून आहे, आत्ता लावू आणि आत्ता बघू. मी खोटी निघाले तर लागेल त्या कागदावर सही करते."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "समितीला प्रयोग करण्याचा अधिकार नाही."

हे वाक्य त्यांनी इतिवृत्तात घ्यायला लावलं. विज्ञान केंद्राची समिती आहे ही.

मग सरांनी भिंतीवर आलेख टाकला. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा नॉइज. 'बघा, अंजली गेली आणि कसा उतरत गेला.' मी पहिल्यांदाच बघत होते. नोव्हेंबरभर रेघ हळूहळू खाली येतेय, मी म्हटलं होतं तशीच. मला वाटलं जिंकले. आणि मग डिसेंबरच्या मध्यावर ती रेघ एका सकाळी सरळ खाली पडलेली दिसली. उतार नाही, कडा. सर म्हणाले, "ही पायरी म्हणजे तेजस्विनीने केलेली नवी जुळवणी."

मी त्या पायरीकडे बघत राहिले. जुळवणी बदलली की जोड्यांची संख्याही बदलते, थोडी वाढते नाहीतर घटते. त्याच आलेखात खाली जोड्यांची निळी रेघ होती, ती इकडची तिकडे झाली नव्हती. नुसता नॉइज गेला होता. उन्हात टाकलेला डाग हळूहळू उडतो. एकदम जातो तो पुसल्यावर.

त्या दिवसांत टेबलावर तू एकटी होतीस. म्हणजे तुला हळद दिसली होती. तू ॲसिटोनच्या बोळ्याने ती पुसलीस, आकडा वर आला, आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस. मी घरी बसून माझंच काही चुकलं का म्हणून जुन्या मोजण्या पुन्हा पुन्हा तपासत होते तेव्हा तुला कारण माहीत होतं. माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हा माहीत होतं. दुसऱ्या पत्रात मी लहान पोरीसारखी 'सापडलं' म्हणून नाचले, तेही तू वाचलंस. हसलीस का गं?

मी तिथे तुझं नाव घेतलं नाही. घ्यायचं होतं. बाहेर आले तर बाबा उठून उभे राहिले, माझ्याकडे बघून पुन्हा बसले.

निकाल राखून ठेवलाय. माफीच्या कागदासाठी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

'तुझी' वगैरे काही लिहीत नाही.


नाशिक, ५ एप्रिल

तेजस्विनी,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलू शकले नाही, ओरडले बहुतेक. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या होत्या. तू रडत होतीस, आणि मला रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून उरलेलं कागदावर.

तू म्हणालीस, "मी तुझ्याविरुद्ध एक शब्दसुद्धा बोलले नाही, अंजू." खरं आहे. तू माझ्याविरुद्ध बोलली नाहीस आणि माझ्या बाजूनेही बोलली नाहीस. मूग गिळून बसलीस. विरोधात बोलली असतीस तर मी उत्तर तरी दिलं असतं.

तू म्हणालीस, हळद दिसली त्याच दिवशी सरांकडे गेले होते. सर म्हणाले, 'आता जुनं उकरून काढू नकोस, तुझं शिफारसपत्र मी आजच पाठवतोय.' म्हणजे सरांना माहीत होतं! सुनावणीत समोर बसून 'आमची पूजा दोषी?' विचारणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं! त्यांचा मला आता राग येत नाही, किळस येते. राग तुझाच येतो. सरांनी कधी माझ्या तापात माझ्या उशाशी बसून पेज भरवली नव्हती.

तू म्हणालीस, सटाण्याहून इथवर येताना किती दमले तुला माहीत आहे, ही संशोधनाची जागा गेली असती. माहीत आहे. तुझे मामा तुझं लग्न ठरवून बसले होते, त्यांना मी फोनवर कसं गुंडाळलं तेही आठवतं. पण तेजू, तुझी जागा वाचवायला माझं नाव कशाला लागलं? 'हळद होती, पुसली' एवढं लिहून तू पेपर पाठवला असतास तर तो जास्त चांगला पेपर झाला असता. तुला कुणी नालायक म्हटलं नसतं. उलट म्हणाले असते, नजर बघा पोरीची.

असो. आता काम.

मी ते मोजलं आहे. माझ्या जुन्या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी जोड्या दाखवणारी एक छोटी पेटी नवी आली आहे. तीच व्यवस्था, जांभळा लेसर, लहान क्रिस्टल. पल्लवी मॅडमनी विचारलंसुद्धा नाही कशाला हवी, फक्त म्हणाल्या, "आवरून ठेव नंतर." आधी स्वच्छ मोजलं, आकडा दोनच्या बराच वर. मग घरची हळद बोटाने लावली. आकडा कोसळला. लेसर चालू ठेवून दिला तर नॉइज हळूहळू उतरायला लागला. ॲसिटोनने पुसली, एकदम साफ. रेघ अगदी सरांच्या आलेखासारखी, उतार आणि मग कडा. पल्लवी मॅडम बघत होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे दर लॅबमध्ये करतात हे!"

म्हणून मी छोटा लेख लिहिला आहे. क्रिस्टलजवळच्या हळदीमुळे जोड्यांच्या मोजमापात येणारा नॉइज. कारखान्यांतून, प्रयोगशाळांतून खंडेनवमी होतच राहणार, निदान होल्डर झाकून करा एवढं लोकांना कळेल. पुण्या-मुंबईत, इंदूरला कुणीतरी एखादी पोरगी याच कारणाने रडत बसली असेल.

लेखात एक वाक्य आहे. 'मूळ प्रयोगात क्रिस्टलच्या होल्डरला हळद दुसऱ्या लेखिकेने लावली होती. डिसेंबरमध्ये तिलाच ती आढळली आणि तिने ती ॲसिटोनने पुसली, त्यानंतर नॉइज तत्काळ नाहीसा झाला.' दुसरी लेखिका म्हणून मी तुझं नाव घातलं आहे. हा टोमणा नाही. लावलीस तू, शोधलीस तू, पुसलीस तू. नाव घातलं नाही तर मी सरांसारखीच ठरेन.

नियतकालिकाकडून तुला ईमेल येईल. 'या लेखाच्या तुम्ही लेखिका आहात हे मान्य आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलंस तर तुझं नाव आणि ते वाक्य दोन्ही काढून लेख माझ्या एकटीच्या नावाने जाईल. मग माझ्याकडे एका कॉलेजातली पेटी उरते आणि समिती म्हणेल, तिकडे हळद असेल, इकडे होती कशावरून?

मला माफी नको, रडणं नको, पैसे साठवून पाठवते म्हणालीस ते चॉकलेटही नको. मुदत संपायच्या आत बटण दाब.

अंजली


नाशिक, १० मे

तेजू,

तू 'हो' दाबलंस.

ईमेल वर्गात आला. मुलांना गणित सोडवायला दिलं आणि पाठ फिरवून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तुझ्या तिकडच्या प्रोफेसरांनी तो लेख वाचून तुला बोलावून घेतलं आणि दार लावलं, एवढं तुझ्या मेसेजवरून कळलं. पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मी घाबरले होते, खरं सांगते. तुझ्यासाठी घाबरावं लागतं याचाही राग आला.

लेख छापायला घेतलाय. मी तो समितीला पाठवला, माफीचा कागद कोराच परत केला. मग आठवडाभर सगळं चिडीचूप. एक दिवस देवरे सर दीर्घ रजेवर गेल्याचं कळलं, आणि काल समितीचं पत्र आलं.

बनावटीचा ठपका मागे घेतलाय. नोंदणी कायम. एक जूनपासून कामावर रुजू व्हावं. आई ओवाळायला ताट घेऊन आली. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले, शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून खिडकीपाशी जाऊन. वाचता वाचता थांबले.

"'काही अज्ञात बाह्य कारणामुळे मोजमापांत तफावत आढळली असावी, असे समितीचे मत झाले आहे.' अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे माहीत नसलेलं, बाबा."

"माहीत नसलेलं कसं? तू दाखवलं ना समद्यांना? त्या पोरीनं लिहून दिलं ना परदेशातून?"

मी म्हटलं, जाऊ द्या, नोंदणी मिळाली ना. हो, मीच म्हटलं! मी दमले होते, तेजू. मला फक्त माझं टेबल परत हवं होतं. खाली सहीची जागा होती, 'वरील निर्णय मान्य आहे'. मी पेन शोधायला उठले.

पेन बाबांच्या खिशात होतं. त्यांनी ते दिलं नाही. म्हणाले, "न्हाई. उद्या कुणी इचारलं, काय झालं व्हतं तुमच्या पोरीचं, तर काय सांगणार? अज्ञात? म्हंजे संशय तसाच राहतो ना मागं. नाव लिहा म्हणावं, हळद." फेब्रुवारीत मला सही करून मोकळी हो म्हणणारा हा माणूस. त्यांनी तो कागद स्वतः घडी घालून पाकिटात भरला, माझ्याकडून वर पत्ता लिहून घेतला आणि उन्हातान्हाचं पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. सोबत मी एकच ओळ लिहिली आहे, 'कारण अज्ञात नाही, ते नमूद करावे'. एक जून चुकला तर चुकला. अर्थात, रात्री भीतीही वाटली. पण आज सकाळी फोनवर काढून ठेवलेला त्या पत्राचा फोटो पुन्हा वाचला आणि पुन्हा संताप आला, तेव्हा बरोबरच केलं.

तू 'हो' दाबलंस त्याचं मला बरं वाटलं, हे लिहायला मला जड जातंय. पण तेवढ्याने तू सुटली नाहीस. लेख जगासाठी आहे, तो त्या शालवाल्या बाई वाचणार नाहीत, केंद्रातली पोरं वाचणार नाहीत, आमच्या कॉलनीत तर कुणीच नाही. समितीला तू स्वतः पत्र लिही, खाली तुझ्या सहीने, की मी लावली, मी पुसली आणि सरांना सांगितलं. या वेळी बटण दाबून भागणार नाही. आणि इंग्रजीत शब्द शोधत बसू नकोस. मराठीत लिही, हळद म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना कळतं.

अंजू